दोन एव्हरार्ड, एक कबर

थर्लबी,
१० फेब्रुवारी १९२०

प्रिय वहिनी,

तुम्ही पाठवलेला हॅम पोचला. "पाळकाच्या घरात एवढं मांस शोभत नाही," असं म्हणत लायनेलने तीनदा वाढून घेतलं. थोरल्या भाऊजींचं हृदयाचं दुखणं आता कसं आहे? डॉक्टर काही म्हणोत, त्यांना जिना चढू देऊ नका.

आमच्या घरात सध्या एकाच गोष्टीवरून वाजतंय. लायनेलला चर्चच्या भिंतीवर आमच्या मुलाच्या, बटनच्या, नावाची पाटी लावायची आहे. दगड कापणाऱ्याला त्याने मला न विचारता बोलावलंसुद्धा. मी त्या माणसाला चहा दिला आणि परत पाठवलं. लायनेल म्हणाला, "विनी, साडेतीन वर्षं झाली गं." मी म्हटलं, "पाट्या मेलेल्यांच्या लावतात. सरकारने मला 'बेपत्ता' असं कळवलंय. सरकारपेक्षा तुला जास्त कळतं का?" मग तो अभ्यासिकेत जाऊन बसला. प्रवचन लिहीत होता म्हणे. कागद कोरा होता, मी पाहिला.

वहिनी, तुमचा मुलगा, आपला बिशप, गेला त्याच सकाळी, त्याच शेतात माझा बटन दिसेनासा झाला. पलटणही एकच, कारण टॅरंटांचा मुलगा दुसऱ्या पलटणीत जाईल तर आभाळ कोसळेल. नावही एकच. सासरे एव्हरार्ड, भाऊजी एव्हरार्ड, तुमचा एव्हरार्ड आणि माझाही एव्हरार्ड. टोपणनावं नसती तर या घराण्यात जेवायला हाक कुणाला मारायची हाच प्रश्न होता. मला त्याचं नाव थिओ ठेवायचं होतं. सासूबाई बाळंतिणीच्या खोलीत आल्या, काठी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेस्टरचा एक आहे. पण एकाच्या भरवशावर घराणं चालत नाही." चार दिवसांचं पोर होतं ते. मी तेव्हा गप्प बसले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आज एक गोष्ट विचारते. इतके दिवस विचारली नाही, कारण तुमच्या जखमेवर बोट ठेवायचं नव्हतं. बिशपच्या खिशातल्या वस्तू तुमच्याकडे आल्या, त्यांत बटनबद्दल काही होतं का? एखादी चिठ्ठी, फोटो, काहीही? शेवटच्या रात्री ते दोघे एकत्र होते असं एका सैनिकाने मला लिहिलंय. एवढासा धागा मिळाला तरी मला पुढे शोधता येईल.

तुमची,
विनिफ्रेड


मार्लस्टन,
२४ फेब्रुवारी १९२०

प्रिय विनिफ्रेड,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण ह्यांना मधले आठ दिवस बरं नव्हतं. आता खालच्या मजल्यावरच पलंग लावला आहे.

तू विचारलंस ते. पुडकं लहानसं होतं. घराण्याचं चिन्ह कोरलेली चांदीची सिगारेटची डबी आणि प्रार्थनापुस्तक. दोन्ही सासूबाईंनी दिलेली. त्यांनी प्रत्येक एव्हरार्डला सगळं सारखंच दिलं, हे तुला ठाऊक आहे. त्याशिवाय सांगण्यासारखं काही नव्हतं. चिठ्ठी नव्हती.

कबरीवरच्या लाकडी क्रुसाचा फोटो ह्यांनी उशाशी ठेवला आहे. सकाळी उठल्यावर आधी तो पाहतात. "निदान तो कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे," हे वाक्य रोज एकदा तरी म्हणतात. आता त्या क्रुसाच्या जागी दगड बसवणार आहेत. दगडावर काय लिहायचं ते विचारणारा छापील कागद आला आहे. जूनअखेर परत पाठवायचा आहे. हे म्हणतात, तू लिही. माझं अजून लिहून झालेलं नाही.

लायनेलला पाटी लावू दे. त्यालाही काहीतरी करायचं असेल.

तुझी,
हेस्टर टॅरंट


थर्लबी,
१५ मार्च १९२०

प्रिय वहिनी,

बसून वाचा. मी मात्र उभ्यानेच लिहितेय, कारण खुर्चीवर बसवत नाहीये.

फ्रान्समधल्या एका मठाच्या रुग्णालयातून उत्तर आलंय. तिथल्या जोगिणींकडे एक माणूस आहे. इंग्रज आहे एवढं नक्की, कारण झोपेत दोन-चार इंग्रजी शब्द बोलतो. जागेपणी एक अक्षर बोलत नाही. वय पंचवीस-सव्वीस, केस पिवळसर, डाव्या खांद्यावर जखमेची खूण. स्वतःचं नाव सांगता येत नाही. आता तुम्ही म्हणाल, असे शंभर असतील. असतील. पण शंभरांतला एक कुणाचा तरी असतोच ना.

लायनेल म्हणाला, "आणि तो नसला तर?" मी म्हटलं, "तर परत येईन, तुझ्यासाठी स्वयंपाक करीन आणि पुढच्याला पत्र लिहीन." मग त्यानेच परवान्याचा अर्ज भरला. मेच्या मध्यावर निघते. गावात कुजबुज आहे, की भाऊजींनंतर लॉर्डची पदवी लायनेलकडे येणार, म्हणून बाई पुढचा वारस हुडकत फिरतेय. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. मला लॉर्ड नकोय. पायपुसण्यावर चिखलाचे बूट न पुसता घरात शिरणारा मुलगा हवाय.

आणि वहिनी, एक मनात आलंय. त्या रुग्णालयापासून बिशपची कबर रेल्वेने दोन तासांवर आहे. भाऊजींना सोडून तुम्हाला जाता येत नाही, म्हणून तुमच्या वतीने मी जाऊन येईन. मार्लस्टनच्या बागेतलं काहीतरी द्या, तुमच्या हातचं. प्रिमरोजची दोन रोपं ओल्या शेवाळात गुंडाळून दिलीत तर मी जपून नेईन. तिथे घटकाभर बसेन, त्याच्याशी बोलेन. लहानपणी खुर्चीवर उभा राहून आम्हाला प्रवचन द्यायचा, आठवतं? "विनीकाकू, तू फार हसतेस, देवाला आवडत नाही." त्याला सांगेन, आता कमी हसते.

तुमची,
विनिफ्रेड


मार्लस्टन,
२२ मार्च १९२०

प्रिय विनिफ्रेड,

तू जाऊ नयेस असं मला वाटतं.

तो माणूस तुझा मुलगा नसेल. साडेतीन वर्षं ज्याचा पत्ता लागला नाही, तो आता लागेल अशी आशा धरणं बरं नाही. लायनेलची काळजी कर. चर्चमध्ये पाटी बसवा, प्रार्थना करा आणि थांबा.

कबरीवर तर मुळीच जाऊ नकोस. ही माझी विनंती समज. रोपं मी पाठवणार नाही. याचं कारण विचारू नकोस.

ह्यांची तब्येत उतरतीला लागली आहे.

हेस्टर


थर्लबी,
२७ मार्च १९२०

वहिनी,

कारण विचारत नाही. मला कळलं.

तुमच्याकडे कबर आहे, तिचा फोटो आहे, दगडावर लिहायला सरकारचा कागद आहे. तुमच्या चर्चमध्ये सतरा सालीच त्याच्या नावाचा संगमरवर बसला, त्या वेळी अख्ख्या तालुक्यातून माणसं आली. मीही आले होते. तुमच्या मागच्या बाकावर बसून रडले होते, आणि मनात देवाचे आभार मानत होते की माझा निदान बेपत्ता आहे. त्या पापाची टोचणी मला अजून आहे. म्हणूनच तुमच्या मुलाच्या कबरीशी बसायचं म्हणत होते. तुम्हाला वाटलं, धाकट्या पातीची बाई थोरल्यांच्या दुःखातही वाटा मागायला आली.

ठीक आहे. जागा तुमची, मुलगा तुमचा. मी पाऊल ठेवणार नाही. पण "आशा धरणं बरं नाही" हे तुम्ही मला सांगू नका. तुमचं शोधणं एका दिवसात संपलं. माझं रोज सकाळी नव्याने सुरू होतं. स्टेशनवर गाडी आली की मी उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघते, हमाल माझ्याकडे बघून मान हलवतात. ते काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही.

भाऊजींना नमस्कार सांगा. त्यांच्यावर माझा राग नाही.

विनिफ्रेड


मार्लस्टन,
२ मे १९२०

प्रिय विनी,

ह्यांच्या अंत्यविधीला तू आलीस, लायनेलचा हात धरून उभी राहिलीस, आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. योग्य केलंस. मला बोलायचं होतं, पण तिथे साठ माणसं होती आणि माझ्यात धीर नव्हता. हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन शेगडीत गेली.

सरळ सांगते. त्या कबरीत तुझा बटन आहे.

सोळाच्या ऑक्टोबरात ते पुडकं आलं. सोबत पलटणीच्या नव्या अधिकाऱ्याचं पत्र होतं: आपल्या चिरंजीवांना पुरताना त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशातून या दोन वस्तू काढल्या. डबीवर घराण्याचं चिन्ह आणि नावाची आद्याक्षरं, पुस्तकावर सासूबाईंच्या हातचं "एव्हरार्ड टॅरंटला, आजीकडून". त्याने हिशेब केला, चिन्ह लॉर्डांचं, म्हणजे मुलगाही लॉर्डांचाच. आपल्या घरात त्याच अक्षरांची, त्याच चिन्हाची दुसरी डबी आणि तसंच दुसरं पुस्तक आहे, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? इतकं सारखं दुसऱ्या कोणत्या घरात असतं?

पण पुस्तकाला हिरवं आवरण होतं. तुमच्या जेवणघराच्या जुन्या पडद्याचं कापड, कडेला तुझे ते तिरके टाके. त्या पडद्याशेजारी बसून मी कितीदा जेवले आहे. मी तुला म्हटलंही होतं एकदा, चारचौघांत, की विनीला सरळ टाका घालता येत नाही. पाहिल्याबरोबर मला कळलं. तरी दोन महिने मनाची समजूत घालत राहिले, की दोघांच्या पुस्तकांची अदलाबदल झाली असेल. मग त्याच्या खोलीत गेले. त्याचं स्वतःचं पुस्तक कपाटात होतं, न्यायला विसरला होता. त्यानंतर मला काही समजूत घालता आली नाही.

का सांगितलं नाही? ह्यांना पहिला झटका बिशप गेल्याच्या तारेनंतर तिसऱ्या दिवशी आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी धक्का नको. हे त्या फोटोच्या आधारावर उठत-बसत होते. "निदान तो कुठे आहे हे माहीत आहे." त्या माणसाला मी काय सांगू, की तो तुमचा नाही, तुमचा कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही? हे एक कारण. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मलाही कबर हवी होती, विनी. तुझी हिसकावून घेतली आणि तुला आशा देऊन टाकली. मला वाटलं, आशा ही काही वाईट गोष्ट नाही, बाई निदान हसते-बोलते आहे. तुझं सत्तावीस मार्चचं पत्र वाचलं आणि मी काय दिलं होतं ते मला समजलं.

तू लिहिलंस, ते काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. मला कळतं. साडेतीन वर्षं मलाही तेच आहे. फक्त तू उघड शोधत होतीस. मी कुणाला विचारू? माझा मुलगा सगळ्यांच्या लेखी पुरलेला होता, त्याचा संगमरवर बसला होता. पकडलेले सैनिक परत आले तेव्हा वर्तमानपत्रातल्या याद्या मी दार लावून वाचायचे. एकाही रुग्णालयाला पत्र लिहिता आलं नाही. मीच त्याला मेलेला ठरवलं आणि मग त्याला शोधायची सोय उरली नाही.

दगडाचा कागद सोबत आहे, कोरा. पुस्तकही पाठवते, आवरणासकट. फ्रान्सला जा. तिथे जायचा हक्क तुझा आहे. लायनेलला तू सांग, मला ते जमणार नाही. मी इथल्या पाळकांना आणि वकिलांना सांगितलं आहे. संगमरवर उतरवायलाही सांगितलं आहे.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही.

तुझी वहिनी,
हेस्टर


फ्रान्स, रेल्वे विश्रामगृह,
२९ मे १९२०

वहिनी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते लायनेलला मोठ्याने वाचून दाखवलं. अर्ध्यावर मी कागद त्याच्या हातात दिला, पुढचं त्याने वाचलं. मग तो पुस्तक हातात घेऊन बसून राहिला आणि म्हणाला, "हे आवरण तू आपल्या जेवणघरात शिवलंस. मी समोर होतो." एवढंच. रात्री त्याने दगड कापणाऱ्याला चिठ्ठी लिहिली, मी अडवली नाही. मग मी तुम्हाला जे जे बोलले ते या कागदावर लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस बोलत होते. भिंतींना बोलत होते, कोंबड्यांना बोलत होते. ती साडेतीन वर्षं तुम्ही मला परत देऊ शकत नाही. किती स्टेशनं, वहिनी. किती तोंडं बघितली मी.

लायनेल म्हणतो, क्षमा करावी. त्याचं ते कामच आहे. मला अजून जमलेलं नाही, आणि जमलं असं खोटं लिहिणार नाही. वकील त्याला म्हणाला, थोरल्यांचा मुलगा मेलेला नसून बेपत्ता ठरला तर पदवी कोर्टात अडकेल. लायनेल म्हणाला, अडकू दे, माझं रविवारचं प्रवचन अडकत नाही ना.

काल कबरीवर गेले. क्रूस अजून लाकडाचाच आहे, एका बाजूला कललेला. माळ्याने मला बसायला उलटी बादली दिली. मी बोलणार होते, पण गवत उपटत बसले. दोन तास. तो तिथे आहे. हे कळल्यावर मला वाटलं होतं की मी कोसळेन, पण मला झोप आली वहिनी. त्या बादलीवर बसल्या बसल्या डोळा लागला. साडेतीन वर्षांत दुपारी कधी झोपले नव्हते. माळ्याने उठवलं आणि म्हणाला, बाई, फाटक बंद करायचंय.

कागद भरून दिलाय. आपल्या घराण्यात दगडावर नाव आणि सालं, बाकी काही नाही, अशी रीत आहे. ती मी मोडली. नावाखाली लिहिलंय: थर्लबीच्या विनिफ्रेड आणि लायनेल यांचा मुलगा. कारकून म्हणाला, नाव आहे तेवढं पुरे आहे. मी म्हटलं, नाही, पुरे नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण हा दगड मी तुमच्याबरोबर वाटून घेणार नाही. नाव बावीस वर्षं वाटून घेतलं, तेवढं बस झालं.

आता दुसरी गोष्ट. आज सकाळी मी त्या मठात गेले. मला तिथे जायचं काही कारण उरलं नव्हतं. माझा कुठे आहे ते मला माहीत आहे. पण परवाना होता, गाडी होती, आणि रात्रभर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की वय पंचवीस-सव्वीस, केस पिवळसर. बिशपचे केसही पिवळसरच होते. जोगिणीने मला त्याच्या खाटेपाशी नेलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी पुढे जाऊन उभी राहिले. नीट बघितलं, वहिनी. घाई केली नाही. कान बघितले, हात बघितले, हनुवटी बघितली. "बिशप" अशी हाक मारली. मग "एव्हरार्ड" अशीही मारली. तो बिशप नाही. दुसऱ्याच कुणाचा आहे. मी त्याच्याजवळ थोडा वेळ बसले आणि आले.

बिशप परत येईल असं मी तुम्हाला म्हणणार नाही. तुम्हालाही तसं वाटत नसेल. तरी तुम्ही वाट बघालच, मला माहीत आहे, आणि आता लपून बघायची गरज नाही. जोगिणीने आणखी चार रुग्णालयांची नावं दिली आहेत, चारही ठिकाणी मी आजच तुमच्या नावाने पत्रं टाकली. उत्तरांवर पत्ता मार्लस्टनचा दिलाय.

फ्रान्सचं टपाल तुमच्या भागात मंगळवारी येतं, असं इथला पोस्टातला माणूस म्हणाला. त्या दिवशी सकाळपासून हातपाय गार पडतात, घास गिळवत नाही, आणि पाकीट एकटीने फोडायचं नसतं. पहिले काही मंगळवार मी तुमच्याकडे राहायला येते.

विनी